हुकुमाचा रकाना

मॅनिटोबात ही नदी उत्तरेला वाहते.
दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो, पाणी निघतं,
आणि मुखाशी अजून कुलूप असतं.
हे मला ग्रिंचुक नावाच्या म्हाताऱ्यानं सांगितलं,
बुटातलं पाणी ओतता ओतता, पहिल्याच दिवशी.

आमचं ठाणं कर्लिंगच्या रिंकमध्ये.
भिंतीवर साठ वर्षांचे विजेते:
थीसन, पेन्नर, थीसन, थीसन.
खाली टेबल, दोन वायरलेस,
आणि मी, नोंदवही घेऊन.
रकाने चार.
वेळ. घटना. कुणाला कळवलं. हुकूम कुणाचा.

मेजर देरोशेकडे एकशे चाळीस माणसं होती,
दोन पोकलेन, आठ ट्रक, एक हेलिकॉप्टर (दुपारपुरतं).
तरी रोज सकाळी सातला तो टोपी काढून
आगाथा थीसनबाईंसमोर उभा राहायचा.
बाई इथल्या रीव्ह, म्हणजे सरपंचच.
बियाण्यांचं दुकान, गुडघेदुखी,
नातवाची लोकरी टोपी डोक्यावर.
"आज कुठे?" मेजर विचारायचा.
त्या नकाशावर पेन्सिल टेकवायच्या.
पोरं मागे हसायची. परदेशात आम्ही
कुणाला न विचारता पूल उडवले होते;
इथे कुंपणाचं फाटक उघडायलाही बाईंचा होकार.

नवव्या रात्री बांधाला पाझर फुटला.
इंजिनिअर म्हणाला, पूर्वेचा रस्ता कापा,
पाणी शेतात जाईल, गाव वाचेल.
शेत ग्रिंचुकचं.
ब्रिगेडचा फोन आला, पुन्हा आला.
मेजर म्हणाला,
"बाई, माणसं माझ्याकडे आहेत. यंत्रं आहेत.
ते एक वाक्य नाही."

बाईंनी चहा संपवला.
सावकाश. मला राग आला, खरं सांगतो.
मग म्हणाल्या, "आधी त्याच्या दारात जाऊन बोलते,"
आणि वायरलेस पाठीवर घेऊन
मी त्यांच्यामागे निघालो, घोटाभर चिखलातून.

ग्रिंचुक ओसरीवर कंदील घेऊन बसलेला,
जणू बोलावणं आधीच पोचलं होतं.
"फौजेनं ठरवलं?"
"नाही, ओस्ताप. मी."
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
गोठ्यात डुकरिणी कुरकुरत होत्या.
"तू ठरवलंस तर ठीक," तो म्हणाला,
"तुझ्याशी मला उद्या भांडता येईल.
बंदुकवाल्याशी काय भांडणार?
पण आधी माद्या हलवा. सव्वीस आहेत."

मी वायरलेसवर विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.
हाक मारली, आणि वाटेत ठेवलेली पलटण आली:
सार्जंट ओकिमाव, लहानखुरा बोशां,
हेल्मेटं काढून, बाह्या वर करून.
दोन-दोन जणांत एक डुकरीण,
ती किंचाळतेय, हे तिच्याहून मोठ्यानं.
शेवटची ट्रकमध्ये शिरेना;
बाईंनीच मागून खांदा लावला.

तीन वाजून दहा मिनिटं. रस्ता कापला.
हुकूम: आ. थीसन, रीव्ह, लेखी.
सही थोडी ओली.
पाणी आधी विचार केल्यासारखं थबकलं,
मग शेतात उतरलं,
काही आवाज न करता.

ऑगस्टमध्ये चौकशी बसली. भली माणसं होती,
पानं उलटत एका ओळीशी थांबली:
दोन पंचेचाळीस. सव्वीस डुकरिणी हलवल्या.
"कॉर्पोरल, चौथा रकाना कोरा आहे."
हो, साहेब.
"हुकूम कुणाचा होता?"

मला ओकिमावचे चिखलानं माखलेले हात आठवले,
आणि बाईंचा खांदा.
मेजरनं खिडकीबाहेर पाहिलं.
ग्रिंचुक आणि आगाथाबाई मागच्या बाकावर
भरपाईवरून कुजबुजत भांडत होते,
ठरल्याप्रमाणे.

मी म्हणालो, राहू द्या कोरा.
अध्यक्षांनी पेन उचललं, खाली ठेवलं,
आणि पान उलटलं.